रक्त पडत असलं तरी गुठळी होऊ शकते : खान्देशातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील फॅमिली डॉक्टर, फिजिशियन आणि सर्जन;
तसेच तिन्ही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी यांस

सादर नमस्कार.

मी अमळनेरला औषधांचं दुकान चालवतो. आयबीडीच्या, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्सच्या रुग्णांसाठी हे पत्र लिहितो आहे. आतड्यांना वर्षानुवर्षं येणारी ही सूज आपण सगळे पोटाचा आजार म्हणून पाहतो आणि उपचारही पोटापुरतेच करतो. पण या रुग्णांच्या पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा, ती फुप्फुसात जाण्याचा, हार्ट अटॅकचा आणि पॅरालिसिसचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वैद्यकीय नियतकालिकांत ही गोष्ट जुनी आहे. आपल्याकडच्या केसपेपरवर ती अजून उतरलेली नाही, आणि ती उतरावी एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

मुंबई-पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांना न लिहिता आपल्याला लिहितो, त्याला कारण आहे. नंदुरबार-नवापूरचा रुग्ण सुरतला जातो, धुळ्याचा नाशिकला किंवा मुंबईला, जळगावचा छत्रपती संभाजीनगरला, रावेरकडचा कधी इंदूरला. तिथले डॉक्टर त्याला काही महिन्यांतून एकदा, तेही थोडा वेळ, पाहतात. मधल्या सगळ्या काळात तो आपल्याकडे असतो. ताप आला, चक्कर आली, पाय सुजला, छातीत चमक मारली, की तो सुरतला जात नाही, आपल्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो. त्याचं बीपी मोजलं गेलं तर आपल्याच हातून मोजलं जाईल, नाहीतर कुणीच मोजणार नाही.

असे रुग्ण आपल्याकडे आहेत तरी किती, असं कुणी विचारेल. पंजाबात लुधियानाच्या भागात घरोघर जाऊन पाहणी झाली होती, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ निघालं. तोच दर आपल्याला जसाच्या तसा लागू पडेल असा माझा दावा नाही. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या ७९ लाखांवर आहे. हिशेब मांडला तर एकट्या कोलायटिसचे साडेतीन हजार रुग्ण होतात. क्रोन्सचे वेगळे. यातले कितीतरी जण आज ‘मूळव्याध-भगंदर, बिगर ऑपरेशन’ अशा पाट्यांखाली बसलेले असतील. “भाऊ, रगत पडस” असं सांगत मलम मागायला येणारी तरुण मुलं मी दुकानात पाहतो. त्यातल्या कुणाला खरंच मूळव्याध असते. पण ज्याला महिनोन्‌महिने आव-रक्त पडतंय, रात्री उठून संडासला जावं लागतंय, वजन उतरलंय, त्याला मलमाची ट्यूब देऊन मी परत पाठवत नाही, डॉक्टरांकडे पाठवतो. क्रोन्सच्या रुग्णाची गत आणखी वेगळी. आपल्या देशात आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांत फरक करणं मोठ्या तज्ज्ञांनाही अवघड जातं आणि अनेकांना आधी टीबीचा कोर्स दिला जातो. त्यात दोष कुणाचाच नाही. पण निदानाला लागलेला हा सगळा काळ शरीरात दाह धुमसत असतो, आणि हृदयाच्या हिशेबात तो जमा होत जातो.

हे कसं घडतं ते आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता, तरी पत्र रुग्णही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. आतड्याचं अस्तर सोललं की आतल्या जिवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाह पेटवणारी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. प्लेटलेट वाढतात आणि चिकट होतात, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन वाढतं, रक्त गोठण्याकडे झुकतं. त्यात रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन उतरलेलं, म्हणजे हृदयावर ताण. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ कमी पडलं की रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं रसायन चढतं, तेही रक्तवाहिन्यांना चांगलं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बार्गेन आणि बार्कर या डॉक्टरांनी कोलायटिसच्या रुग्णांमधल्या अशा गुठळ्यांची नोंद १९३६ साली केली होती. म्हणजे ही माहिती नव्वद वर्षांच्या घरातली आहे.

दाह आणि हृदय यांचं नातं खरंच आहे का, याचं उत्तर २०१७ मध्ये कँटॉस नावाच्या मोठ्या चाचणीनं दिलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, वाढलेल्या दहा हजार रुग्णांवर ती झाली. त्यांना दिलेलं औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नव्हतं, फक्त दाह कमी करत होतं, आणि तेवढ्यानं पुढचे झटके सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. त्या औषधानं जंतुसंसर्गाचे बळी थोडे वाढले, म्हणून ते हृदयरोगात रोजच्या वापरात आलं नाही. मुद्दा मात्र सिद्ध झाला.

आता आयबीडीचे आकडे. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात शिरेतल्या गुठळीचा धोका इतरांच्या सुमारे साडेतीन पट आढळला, आणि आजार उसळलेला असताना तो आठ पटींच्या पुढे गेला. हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसच्या बाबतीत वाढ एवढी मोठी नाही. एकूण धरली तर वीस टक्क्यांच्या आसपास. पण डेन्मार्कच्या २०१३ मधल्या अभ्यासानं त्या सरासरीच्या आत डोकावून पाहिलं. आजार उसळलेला असताना दोन्हींचा धोका सुमारे दीडपट होता, आणि आजार शांत असताना तो जवळपास इतर माणसांएवढाच होता. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. आतडं शांत ठेवणं हाच हृदयाचा मोठा उपचार, असा त्याचा सरळ अर्थ मला लागतो. फ्रान्समधल्या २०१८ च्या अभ्यासात टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांत हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांचे झटके सुमारे एक पंचमांशानं कमी दिसले, तेही याच दिशेनं बोट दाखवतं. आणि हा वाढीव धोका म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत अधिक ठळक दिसतो. आपल्याकडे तर आधीच घाई आहे. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येत होता, इतर देशांत तो ५९ च्या सुमारास. त्यावर हा आजार चढला की काय होईल, ते सांगायला नको.

माझा भाचा पंचविशीतला. कोलायटिस बरीच वर्षं आहे. आजार उसळला म्हणून एका खासगी दवाखान्यात ॲडमिट केलं. दिवसाला पंधरा-पंधरा वेळा संडास, रक्त, अंगात त्राण नाही, दिवसभर खाटेला खिळलेला. सलाइन आणि स्टिरॉइड चालू होतं, ते योग्यच होतं. पण गुठळी होऊ नये म्हणून देतात ते हेपारिनचं इंजेक्शन फाइलमध्ये नव्हतं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “रक्त जातंय त्याला रक्त पातळ करायचं औषध कसं देणार?” ताईलाही तेच पटलं. पोराचं रगत थांबत नाही आणि भाऊ हेपारिनचं बोलतोय, असं तिला झालं. मग एका सकाळी तो म्हणाला, “मामा, पाय जड लागस.” डावी पोटरी सुजली होती. सलाइनची सूज असेल, असं सांगण्यात आलं. संध्याकाळी त्याला दम लागला. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) आणि सीटी होईपर्यंत गुठळी फुप्फुसात पोचलेली होती. तो वाचला, आज कामावरही जातो. पण जी गोष्ट रोजच्या एका छोट्या इंजेक्शननं टळू शकली असती, तिच्यासाठी माझी बहीण आयसीयूच्या दाराशी बसून राहिली.

या प्रसंगात कुणा एका डॉक्टरला दोष द्यायला मी लिहीत नाही. ही समजूतच सगळीकडे आहे, आणि ती चुकीची आहे. कोलायटिसमध्ये आतड्यातून रक्त जाणं आणि पायात गुठळी होणं या दोन्ही गोष्टी एकाच दाहातून येतात आणि एकाच वेळी घडतात. म्हणूनच युरोप आणि अमेरिकेतल्या पोटविकार संस्थांच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात : आयबीडी उसळून ॲडमिट झालेल्या रुग्णाला गुठळी रोखणारं हेपारिन द्या, शौचावाटे रक्त जात असलं तरी द्या. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं आयबीडीतल्या गुठळ्या आणि धमन्यांचे झटके टाळण्यावर वेगळी सहमती प्रसिद्ध केली, तिचा सूरही हाच. बीपी पाडणारा, जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी. तिथं हेपारिन थांबवून पायांना दाब देणारे मोजे किंवा पंप वापरायचे. बाकीच्यांसाठी एनॉक्सापॅरिन हे हेपारिन, ४० मिलिग्रॅम, रोज एकदा कातडीखाली, किडनी अधू असेल तर डोस कमी. हे इंजेक्शन गुडघ्याच्या आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर आपल्या तालुक्यांत सर्रास दिलं जातं. अनोळखी काहीच नाही. आयबीडीच्या ॲडमिशन पेपरवर ते पहिल्याच दिवशी दिसावं, हे माझं आपल्याकडे सगळ्यात मोठं मागणं आहे.

आणि अशा रुग्णाचा एकच पाय सुजला, तर सलाइनला दोष देण्याआधी डॉपलर करावा. आयबीडीच्या रुग्णाची डोकेदुखी वेगळी वाटली, उलट्या, धूसर दिसणं, फिट येणं, तर मेंदूच्या शिरेतली गुठळी आठवावी. पोट नेहमीपेक्षा फार वेगळं, असह्य दुखलं तर ते दर वेळी आजार उसळल्याचंच नसतं. आतड्याच्या शिरांतही गुठळी होते.

खान्देशात या सगळ्यावर उन्हाळा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. जुलाबानं शरीरातलं पाणी गेलेलं, वरून घाम, आणि रक्त घट्ट. यात एक गोष्ट अशी आहे जी रुग्ण डॉक्टरांना सांगत नाहीत, आम्हाला सांगतात. एसटीनं किंवा गाडीनं लांब जायचं असलं की हे लोक आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतात, कारण वाटेत संडासची सोय नाही. नंदुरबारहून सुरत किंवा शिरपूरहून मुंबई, पाय लोंबकळत ठेवून, कोरड्या घशानं, तेही आजार उसळलेला असताना, कारण आजार उसळल्याशिवाय मोठ्या डॉक्टरकडे कुणी जातच नाही. गुठळी व्हायला याहून सोयीची स्थिती शोधून सापडणार नाही. रुग्णाला वरच्या दवाखान्यात पाठवताना आपण चिठ्ठी देता, तेव्हा एक मिनिट यावर बोलावं. ओआरएस घोट घोट घेत राहणं, दर तासाला उठून चार पावलं चालणं, पोटऱ्या हलवणं. ज्याला पूर्वी गुठळी होऊन गेली आहे त्याला प्रवासाआधी काही द्यायचं का, ते आपण ठरवावं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दुकानात बसून जास्त दिसते. श्रावणात कानबाई बसते, चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणं असतं, आषाढीला मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूर असतं, घरात लग्न असतं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या या दिवसांत फार मागितल्या जातात. त्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, आणि मोठ्या डोसमध्ये पोटात गेल्यावर त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. इस्ट्रोजेननं गुठळीचा धोका वाढतो, हे गर्भनिरोधक गोळ्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. धडधाकट बाईला चार-आठ दिवसांत सहसा काही होत नाही. पण जिला कोलायटिस आहे, आजार उसळलेला आहे, जी उन्हातून पायी निघाली आहे, तिला या गोळ्या देताना विचार करायलाच हवा. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आयबीडी असलेल्या बाईला गर्भनिरोधनासाठी कॉपर-टी किंवा इस्ट्रोजेन नसलेला पर्याय आधी सुचवावा. बाळंतपण आणि त्यानंतरचे आठवडेही गुठळीच्या दृष्टीनं नाजूक. मी स्वतः विचारल्याशिवाय पाळी लांबवायची गोळी देत नाही. पण विचारलं तर बायका पोटाच्या आजाराचं सांगत नाहीत, संकोचतात. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं असलं तर त्या ऐकतात.

स्टिरॉइडबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आजार उसळलेला असताना जीव वाचवतं, याबद्दल दुमत नाही. पण ते काही आठवड्यांचं औषध आहे, वर्षांचं नाही. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर ‘चालू ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं, किंवा कधीतरी मोठ्या शहरात लिहून दिलेली जुनी चिठ्ठी असते, घडी पडून पडून फाटायला आलेली. पेशंटला बरं वाटतं, भूक लागते, सांधे दुखत नाहीत, संडास कमी होतो. तो घेत राहतो. हळूहळू चेहरा गोल होतो, वजन वाढतं, बीपी चढतं, शुगर चढते, आणि कुणीच ते मोजत नाही, कारण ‘पोट बरं आहे’. दाह शमवायला दिलेलं औषधच लांबलं की हृदयावर दुसरीकडून ओझं टाकतं. हे शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, हे सगळे दुकानदार जाणतात. तरी ते विकलं जातं, आणि माझ्या व्यवसायबंधूंना मी याबद्दल वेगळं बोलतोच आहे. आपल्याकडे एवढंच मागणं, की चिठ्ठीवर स्टिरॉइड लिहिताना ते कधी कमी करायचं आणि कोणत्या तारखेला बंद करायचं, हे तिथंच लिहावं. तारीख लिहिलेली असली की दुकानदाराला ‘नाही’ म्हणता येतं. आणि जो रुग्ण महिनोन्‌महिने घेतो आहे त्याचं एकदम तोडू नये, हेही तिथंच लिहावं, कारण अचानक बंद केलं की माणूस कोसळतो. तीन महिन्यांत स्टिरॉइड सुटलं नाही, तर त्याला प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या अझाथायोप्रिनचा किंवा (टीएनएफ रोखणाऱ्यांसारख्या) बायोलॉजिक इंजेक्शनचा विचार करायला मोठ्या डॉक्टरकडे परत पाठवावं.

सांधेदुखीसाठी हेच रुग्ण डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन मागतात. त्या गटातल्या औषधांनी आतडं पुन्हा चिडू शकतं, बीपी वाढतं आणि हृदयाचा धोकाही थोडा वाढतो. पॅरासिटामॉलवर भागत असेल तर भागवावं. गावोगाव मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असू शकतं, तेही विचारून घ्यावं.

आता जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसाठी. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० वर्षांवरील सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी होते, आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात. हे काम मोठं आहे आणि मी त्याचा आदर करतो. पण आयबीडी बहुतेकदा विशी-तिशीत सुरू होतो. स्टिरॉइडवर असलेला २४ वर्षांचा मुलगा या जाळीतून अलगद निसटतो. पुढे चाळिशीनंतर जो धोक्याचा तक्ता वापरला जातो, जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा, त्यात वय, लिंग, बीपी, धूम्रपान, शुगर आणि कोलेस्टेरॉल आहे, आतड्याचा दाह नाही. ब्रिटनच्या क्यूरिस्क-३ या तशाच मोजणीत संधिवात आणि स्टिरॉइड आहेत, आयबीडी तिथंही नाही. तक्ता ‘कमी धोका’ म्हणाला तरी डॉक्टरांनी या रुग्णाला एक पायरी वरचा समजावं. आयुष्मान आरोग्य मंदिरांना एवढीच सूचना द्यावी : आयबीडीचं निदान झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी, वय कितीही असो. मशीन तिथं आहे, पट्ट्या आहेत, माणूस आहे.

कोलेस्टेरॉलबाबत एक फसवी गोष्ट आहे. आजार जोरात असताना लिपिड प्रोफाइल चांगलं येतं. दाहात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं, आणि रिपोर्ट पाहून सगळे निश्चिंत होतात. त्याच वेळी धोका चढलेला असतो. त्यामुळे आजार शांत झाल्यावर लिपिड पुन्हा करावं. बीपी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी लागत असेल तर आयबीडी आहे म्हणून ती टाळायचं कारण नाही. स्टॅटिन या रुग्णांना नेहमीसारखंच देता येतं. ज्याला स्टेंट बसलाय त्याला शौचातून रक्त गेलं, की घरचे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधं स्वतःच बंद करतात. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नयेत, हे आपण सांगितलं तरच टिकतं.

काही औषधांची आठवण फॅमिली डॉक्टरांना असायला हवी. मेसालामिन हे कोलायटिसचं नेहमीचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत छातीत दुखलं, ताप आला, तर क्वचित ती त्या औषधाची हृदयाच्या स्नायूवर किंवा आवरणावर उमटलेली प्रतिक्रिया असते. ईसीजी, ट्रोपोनिन, इको करावं आणि औषध थांबवायचा निर्णय लगेच घ्यावा. हार्ट फेल्युअर बळावलेल्या रुग्णाला इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारं इंजेक्शन देत नाहीत, म्हणून पायावर सूज आणि दम असलेल्याचा इको आधी हवा. टोफासिटिनिब ही दाह रोखणारी गोळी आता आपल्याकडे जेनेरिकमध्ये स्वस्तात मिळते आणि कोलायटिसला बरीच लिहिली जाते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओरल सर्व्हेलन्स चाचणीत, संधिवाताच्या पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांत, त्या गोळीवर हार्ट अटॅक-पॅरालिसिससारख्या घटना ३.४ टक्के, तर टीएनएफ रोखणाऱ्या औषधांवर २.५ टक्के दिसल्या. १० मिलिग्रॅम दोन वेळा या मोठ्या डोसवर फुप्फुसातल्या गुठळ्याही वाढल्या, आणि कोलायटिसच्या सुरुवातीला नेमका तोच डोस दिला जातो. गोळी उपयोगी आहे, पण पन्नाशीचा, बिडी ओढणारा, शुगरचा पेशंट असेल तर ती सुरू करण्याआधी दोनदा विचार व्हावा. आणि कुणालाही सुरू केली तरी चार ते आठ आठवड्यांनी लिपिड पाहावं.

बिडीचं निघालंच आहे, तर तेही. क्रोन्स बिडी-सिगारेटनं बळावतो, यात शंका नाही. कोलायटिसमध्ये काही जणांना सिगारेट सोडल्यावर आजार वर आल्यासारखं होतं आणि मग ते ‘डॉक्टर, ओढली की बरं वाटतं’ म्हणून पुन्हा धरतात. त्यांना हृदयाचा हिशेब समजावून सांगणारं माणूस आपल्याशिवाय दुसरं नाही. जेवणाबद्दल मी लांबण लावत नाही. कळण्याची भाकरी आणि भरीत ज्याला आजार शांत असताना सोसतं त्याचं तोडू नये. फक्त स्टिरॉइडवर असताना शेव, पापड, लोणचं यांतलं मीठ बीपीला नडतं, एवढं सांगावं.

रुग्ण हे वाचून घाबरतील, याची मला जाणीव आहे. तरुण माणसाचा हार्ट अटॅकचा मूळ धोका फार लहान असतो आणि त्याची सव्वापट झाली तरी तो लहानच राहतो. आयबीडीच्या बहुसंख्य रुग्णांना यातलं काहीही होणार नाही. धोका दाटतो तो ठरावीक वेळी : आजार उसळलेला असताना, खाटेला खिळलेलं असताना, लांबच्या प्रवासात, बाळंतपणात, स्टिरॉइड रेंगाळल्यावर. त्या वेळा ओळखता येतात, म्हणूनच हे पत्र लिहिण्यात अर्थ आहे.

शेवटी एक ठोस प्रस्ताव. नंदुरबारच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलच्या रुग्णांना कार्ड दिलं जातं, ते आपण सगळे जाणतो. तो आजार वेगळा, पण कार्डामुळे अनोळखी डॉक्टरलाही क्षणात कळतं की समोर कोण आहे. आयबीडीच्या रुग्णासाठी आपल्या तीन जिल्ह्यांत तसंच एक कार्ड काढता येईल. त्याच्या एका बाजूला आजाराचं नाव, चालू औषधं, स्टिरॉइड सुरू झाल्याची आणि बंद करायची तारीख. दुसऱ्या बाजूला मराठीत आणि अहिराणीत लिहिलेल्या चार ओळी : ॲडमिट झालात तर गुठळीच्या इंजेक्शनबद्दल विचारा; एक पाय सुजला, दम लागला, छातीत दुखलं तर थांबू नका; प्रवासात पाणी तोडू नका; दर तीन महिन्यांनी बीपी आणि शुगर. छपाईचा खर्च अमळनेरपुरता मी उचलतो. बीपी मोजून कार्डावर लिहून देण्याचं काम माझ्या दुकानात आजही मोफत चालू आहे, आणि आसपासच्या तालुक्यांतल्या काही औषधविक्रेत्यांनीही तयारी दाखवली आहे. मजकूर वैद्यकीयदृष्ट्या तपासून देण्यासाठी तिन्ही जिल्ह्यांतून एकेक फिजिशियन हवे आहेत. दिवाळीआधी मजकूर पक्का झाला, तर पुढच्या उन्हाळ्याच्या आत कार्डं रुग्णांच्या खिशात जातील.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता
अमळनेर, जि. जळगाव